बी विंगसमोरचा शेवगा

सोनूबाईने मला फेब्रुवारीतच सांगितलं होतं. ओट्यावर दूध तापत होतं, निधी माझ्या पायाला मिठी मारून रडत होती, माझ्या हातात फोन होता, आणि सोनूबाई फरशी पुसता पुसता मान वर न करता म्हणाली, "नीलमताई, त्या समोरच्या मानसीचे फोटू नका बघत बसू रोज. तिलाच बघून या एकदा." मी हो हो म्हटलं. सोनूबाई आमच्या सोसायटीत सहा घरची कामं करते आणि सहा घरच्या गोष्टी इकडून तिकडे नेते. मानसीने तिला जानेवारीत कामावरून काढलं होतं, त्याचाच राग असेल असं मी धरून चालले. शिवाय दूध वर आलं. आज आठवायला बसलं की आठवतं, त्या वेळी माझ्या फोनवर मानसीचाच फोटो उघडा होता, आणि मी तो कशासाठी बघत होते तेही आठवतं. त्यात कुठे काही चुकलंय का, ते शोधत होते.

फोटोत फारसं काही नव्हतं. शेवग्याच्या फुलाची एकच पाकळी, कोळ्याच्या तुटलेल्या धाग्याला लटकलेली. कड जराशी करपलेली. मागे फिकट पिवळं काहीतरी, आमच्याच भिंतीचा रंग असावा. मी तो बोटांनी मोठा करून पाहिला. फोकस पाकळीवर नव्हताच, धाग्यावर होता, आणि धागा तर जेमतेम दिसत होता. मी मुलुंडच्या कॉलेजातून मास मीडिया केलंय, फोटोग्राफी हा माझा खास विषय होता, आणि निधी व्हायच्या आधी घाटकोपरच्या दोन साडीवाल्यांच्या वेबसाइटचे फोटो मी काढायचे. काठ कुठे सरळ पडला पाहिजे, पदरावर उजेड कुठून आला पाहिजे, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. असा फोटो कुणी वर्गात आणला असता तर तो पहिल्या फटक्यात बाजूला गेला असता. आणि तरी तो पाहताना मानेवर कुणीतरी हलकेच फुंकर घालावी तसं मला झालं. पाकळी फिरतेय असं वाटलं. थांबलेल्या फोटोत पाकळी फिरतेय आणि ती फिरवण्याची युक्ती आपल्याला येत नाही, हे सकाळी साडेआठ वाजता, उतू गेलेल्या दुधाच्या वासात, मला सहन होईना.

आमची सोसायटी भांडुपला, स्टेशनपासून वर चढणीला. ए आणि बी अशा दोन विंग, चार-चार मजल्यांच्या, आणि मधे तीस-बत्तीस पावलांची बाग. बाग म्हणायची म्हणून म्हणायची. तगर, जास्वंद, कण्हेर, कुणीतरी फेकून दिलेल्या कुंडीतून उगवलेली गुलबक्षी, ओव्याचं एक झुडूप, आणि बी विंगच्या भिंतीला लागून कुणीही न लावलेला शेवगा. आम्ही ए विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर, मानसी आणि तिचा नवरा अनिरुद्ध बरोब्बर समोर, बी विंगमध्ये दुसऱ्याच मजल्यावर, भाड्याने. मधे शेवगा. आमचे सेक्रेटरी जयवंतकाका, त्यांनी 'आपली बाग' नावाचा एक ग्रुप काढला होता, पाणी कुणी घातलं, नळ कुणी उघडा टाकला हे कळावं म्हणून. त्यावर पहिला फोटो मी टाकला. मागच्या श्रावणात, जास्वंदीचा, पाकळ्यांवर थेंब. लोकांनी हात जोडले, अंगठे दाखवले, कुणीतरी लिहिलं की हे फूल आपल्याच बागेतलं आहे यावर विश्वास बसत नाही. मग मी रोज टाकू लागले. ते तीन-चार महिने मी पुन्हा कुणीतरी झाले होते. 'निधीची मम्मी' म्हणून हाक मारणाऱ्या बायका जिन्यात थांबून विचारायच्या, नीलम, कॅमेरा कुठला गं, आमच्या फोनने असा येईल का. येणार नाही, असं मी गोड आवाजात सांगायचे. आणि जानेवारीतल्या एका सकाळी मानसीने तिचा पहिला फोटो टाकला. खाली एक अक्षर लिहिलं नाही. मग रोज आठच्या सुमाराला एक. काच तडकलेल्या फोनवर काढलेला.

मानसीचं काय झालं होतं ते सगळ्या सोसायटीला माहीत होतं. दिवाळीच्या आधी, सातव्या महिन्यात, ती हॉस्पिटलात गेली आणि चार दिवसांनी रिकाम्या हातांनी परत आली. मुलगी होती म्हणे. बायका दोन दिवस जाऊन बसल्या, वरण-भात पोचवला, मग दिवाळी आली आणि सगळ्यांच्या घरी भाजण्या सुरू झाल्या. मी गेले नाही. निधी तेव्हा दीड वर्षाची, तिला कुणाकडे ठेवणार आणि कडेवर घेऊन तरी कशी जाणार, असं मी नवऱ्याला, सुबोधला, सांगितलं, आणि ते काही खोटं नव्हतं. पण खरं म्हणजे मी घाबरले होते. ते दुःख अंगाला चिकटून घरी येईल अशी काहीतरी अडाणी भीती. मी आहेच तशी. निधी झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बघते. द्राक्षाचे चार तुकडे करते. तिला गाढ झोप लागली की हलवून थोडी जागी करते आणि मग झोपवत बसते. तर अशा बाईचा, जिचं एवढं गेलं तिचा, मला हेवा वाटत होता. फोटोंचा तर वाटतच होता. त्याच्याखाली आणखी एक होता, तो मी आजपर्यंत कुणाला सांगितलेला नाही. तिच्याकडे वेळ होता. एका पाकळीकडे तासभर बघायचा वेळ. मी पाकळीकडे बघायला लागले की चौथ्या सेकंदाला निधी तोंडात काय घालतेय ते बघावं लागायचं. मानसीला मागे वळून बघावं लागत नव्हतं. हे असंच्या असं, याच शब्दांत, मी मनात म्हटलं होतं. बाथरूममध्ये, नळ सोडून ठेवून, जणू मनातलंसुद्धा कुणाला ऐकू जाईल.

सुबोध वाईट माणूस नाही. त्याचं ऑफिस अंधेरीला, जाऊन-येऊन चार तास मोडतात, घरी असतो तेवढ्या वेळात तो निधीला खेळवतो, भांडीही घासतो. एकदा चहा पिता पिता त्याने फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "हे बघ यार, मुंगीपेक्षा मुंगीची सावली मोठी. तू पण काढ ना असं काहीतरी." असं काहीतरी. दिवसभर ते दोन शब्द माझ्याबरोबर फिरले. गवार मोडताना, निधीला भरवताना, दुपारी तिच्याशेजारी आडवं पडल्यावर पंख्याच्या पात्यांबरोबर. मी सहा वर्षं जे शिकले आणि केलं त्याला हा माणूस कधी 'असं काहीतरी' म्हणाला नव्हता. तो 'मस्त' म्हणायचा. मस्त म्हणजे बघून झालं. मग एक दिवस जयवंतकाका जिन्यात भेटले. काका मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यावर वडिलांबरोबर लालबाग सोडून इकडे आलेले, मराठी नीट बोलता बोलता मधेच घरच्या बोलीवर घसरतात. म्हणाले, "काय गो नीलम, तुझे फोटो म्हणजे एकदम कॅलेंडर हां, झकास. त्या मानसीच्या फोटोत काय ता असता कळना नाय, पण बघूक बरा वाटता." त्यांनी माझं कौतुकच केलं होतं. मी हसले, आणि घरात येऊन माझे सगळे फोटो पहिल्यापासून पाहिले. जास्वंद मधोमध. तगर मधोमध, जराशी डावीकडे. मागचं सगळं मऊ, धूसर. एकही चूक नाही. प्रत्येक फोटोखाली वाढदिवसाच्या शुभेच्छा छापता आल्या असत्या.

मग मी पहाटे उठू लागले. सहाच्या आधी खाली उतरायचं, कारण सहाला प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन देवासाठी फुलं खुडणारे येतात, त्यांत काकाही असतात, आणि साडेसहापर्यंत जास्वंदीवर एक कळी राहत नाही. निधी सुबोधशेजारी झोपलेली. माझ्या फोनवरून सुबोधच्या फोनला कॉल लावायचा, त्याचा फोन तिच्या उशीपाशी ठेवायचा आणि इअरफोनमधून तिचा श्वास ऐकत ऐकत मी बागेत फिरायचे. एका कानात मुलीचा श्वास, दुसऱ्या कानात दयाळ पक्षी ओरडतोय, गळ्यात कॅमेरा. मानसीने काढलेल्या गोष्टी मी शोधत होते. ती मुंगी एका गंजलेल्या लोखंडावरून चालली होती. आमच्या बागेत गंजलेलं लोखंड कुठे आहे? तो शिंजीर, ज्याची चोच फोटोच्या बाहेर गेली होती आणि नुसतं निळं पोट आणि हललेलं फूल राहिलं होतं, तो माझ्यासमोर का येत नाही? ते पान, ज्याच्या खालच्या बाजूने उजेड आला होता आणि शिरा दिसत होत्या, ते इतक्या उंचीवरून तिला कसं दिसलं? मी वाकले, उकिडवी बसले, ओट्याजवळचं स्टूल नेऊन त्यावर चढले. मला वाटलं ती माझ्याही आधी येऊन जात असेल. म्हणून साडेपाचला उठून पाहिलं. ती एकदाही भेटली नाही. नवीन चपलेचा ठसासुद्धा नाही. मी त्यातून एवढंच काढलं की ती हुशार आहे, लपवून करते.

मार्चच्या मध्यावर मला कळलं. आठ वाजले होते, मी स्वयंपाकघराच्या खिडकीत निधीचे कपडे वाळत घालत होते. शेवगा पांढऱ्या फुलांनी भरलेला, त्याची एक लांब फांदी मानसीच्या खिडकीवर पूर्ण आडवी आली होती, आणि त्या पानांमधून, ग्रिलच्या गजांमधून, एक हात बाहेर आला होता. हातात फोन. बांगडी नाही, काही नाही. हात इतका वेळ स्थिर राहिला की एक बुलबुल त्याच्यापासून वीतभर अंतरावर येऊन बसला, फूल ओरबाडलं, उडाला, तरी हात तसाच. गंज ग्रिलचा होता. कोळ्याचा धागा ग्रिलला बांधलेला होता. तिचे सगळे फोटो, जानेवारीपासूनचे, त्या एका फांदीचे होते. मी सगळी बाग पालथी घातली आणि ही बाई खिडकीतून हललीसुद्धा नव्हती. मला फसवल्यासारखं झालं. नशीब बघा, वाटलं, हिच्याकडे झाड स्वतः चालत आलंय. दिवाळीपासून ती एकदाही जिना उतरली नाही, ही गोष्ट त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर मांडलेली होती. ती मी वाचली, आणि त्याचा अर्थ लावला, चैन.

मे महिन्यात पावसाळ्याआधीची छाटणी असते. वॉचमनच्या केबिनमध्ये एक वही ठेवतात, ज्याला जी फांदी नको असेल त्याने त्यात लिहायचं, मग कमिटी परवानगी वगैरे बघते आणि माळी येतो. मी लिहिलं: 'बी विंगसमोरील शेवगा. वरची फांदी ठिसूळ, खाली लहान मुले खेळतात. सुरवंट पडतात. माझ्या मुलीच्या अंगावर पुरळ आले आहे.' अक्षर चांगलं काढलं. यातलं प्रत्येक वाक्य निम्मं खरं होतं. शेवग्याची फांदी ठिसूळ असते हे कुणीही सांगेल. सुरवंट होते, पण ते मागच्या पावसात. निधीच्या मानेवर होतं ते घामोळं, मेमध्ये भांडुपमधल्या प्रत्येक मुलाच्या मानेवर असतं ते. काकांनी मला बोलावून विचारलं, खरंच एवढं आहे का, शेंगा चांगल्या येतात या झाडाला. मी निधीला उचलून तिची मान त्यांना दाखवली. निधी हसली. काकांनी लगेच पेन काढून माझ्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. लहान मुलं म्हटलं की सोसायटीत पुढे कुणी वाद घालत नाही, हे मला माहीत होतं. त्यात मला स्वतःलाही असं वाटत होतं की मी आई म्हणून हे करतेय. तसं वाटण्याची मला इतकी सवय आहे की ते खरं कधी असतं आणि कधी नसतं, हे मला आता कळत नाही.

धोंडिराम माळी शनिवारी आला. तो झाडावर चढला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. कोयत्याचे पाच-सहा घाव ऐकू आले, मग एक ओला कडाका, फांदी आपल्याच वजनाने मोडली आणि घसपटत खाली गेली. घरात एकदम उजेड आला. पोळपाटावर माझ्या हातांची सावली पडली, जी त्या वेळी तिथे कधीच पडत नसे. मी खाली गेले, उशिरा, सगळे गेले असतील अशा वेळी. धोंडिराम पाला गोळा करत होता. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं त्याला कोण जाणे, म्हणाला, "शेवग्याला काय हुतंय ताई, आखाडात बगा कसा फुटतोय." त्याने शेंगांच्या आणि पाल्याच्या जुड्या बांधून प्रत्येक दाराशी ठेवल्या, आमच्याही. मी पाला निवडला, मुगाची डाळ घालून भाजी केली, वर खोबरं. सुबोध दोनदा घेऊन जेवला.

रविवारी फोटो आला नाही. सोमवारी आला नाही. मंगळवारी मी माझी जास्वंद टाकली आणि तिला बावीस अंगठे आले. मला बरं वाटलं, हे मी लिहून ठेवते. पोटात गरम काहीतरी उतरावं तसं बरं वाटलं. बुधवारी आठ वाजून दहा मिनिटांनी मानसीचा फोटो आला, आणि त्यात मी होते. आमची खिडकी. ग्रिलमध्ये दोरीवर निधीची दोन झबली, एक चड्डी, एकच मोजा. ओल्या कापडातून ऊन आरपार गेलेलं, इतकं की एका झबल्यावरची बदकं उलट्या बाजूने दिसत होती. त्यांच्यामागे, अर्ध्या काळोखात, मी, मान खाली, फोन बघत असलेली. आणि खाली कोपऱ्यात गजावर पाच लहान बोटं. माझं लग्न झालं, निधीचं बारसं झालं, हजार फोटो निघाले, पण मी अशी कुणाला कधी दिसले नव्हते. ग्रुपवर लोक म्हणत होते, किती गोड, नीलम किती छान दिसतेय. मी फोटो मोठा केला. सवयीने चूक शोधली. सापडली नाही, आणि तेव्हाही, आधी तोच जुना काटा टोचला, मग बाकीचं हळूहळू आत आलं. ती फांदी. ती फांदी माझी दोरी झाकत होती. दिवाळीपासून मी रोज सकाळी आठला त्या खिडकीत एका लहान मुलीचे कपडे वाळत घालत होते, आणि मधे देवाने म्हणा, कुणी म्हणा, एक हिरवा पडदा सोडला होता. मानसी त्या पडद्याकडे बघत दिवस काढत होती. तो मी काढायला लावला, आणि त्याजागी माझं घर ठेवलं.

त्यानंतर फोटो नाही, आणि शुक्रवारपासून तिची खिडकी बंद. मेच्या उकाड्यात काच लावलेली, आत पडदा. शनिवारी मी निधीला सोनूबाईपाशी ठेवलं आणि बी विंगचा जिना चढले. हातात स्टीलचा डबा होता, त्यात शेवग्याच्या शेंगांची आमटी. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही मी काय घेऊन चाललेय. तोवर बेल वाजवून झाली होती. दार उघडायला फार वेळ लागला. आत कुणीतरी उठतंय, थांबतंय, पुन्हा चालतंय, असं ऐकू येत होतं. मला वाटलं निघावं. मग दार उघडलं. मी काहीतरी विस्कटलेलं बघायची तयारी करून गेले होते. मानसीने केस विंचरून वेणी घातली होती, गाऊन स्वच्छ होता, मागे दिसणारं घर आमच्यापेक्षा नीटनेटकं. फक्त ती बारीक झाली होती, आणि दाराची कड तिने हातात घट्ट धरून ठेवली होती, छातीभर पाण्यात उभं राहिलेलं माणूस धरेल तशी. मी म्हटलं फोटो येत नाहीत म्हणून आले. ती हसली. म्हणाली, "काय टाकू? समोर तुम्हीच आहात. लोकांच्या घराचे रोज फोटो काढले तर बरं दिसतं का?" मी म्हटलं शेवगा फुटेल परत, धोंडिराम म्हणत होता आषाढात फुटतो. ती हो म्हणाली. मग म्हणाली, "काकांनी सांगितलं, निधीला पुरळ आलेलं. बरी आहे ना गं आता?"

तेव्हा सांगता आलं असतं. जिन्यात कुणी नव्हतं. पुरळ नव्हतं गं, घामोळं होतं, एवढी चार शब्दांची गोष्ट. मी म्हटलं, हो, बरी आहे. तिने डबा घेतला. झाकण उघडलं नाही, पण वास आला असणार. मी वळले तेव्हा ती म्हणाली, "एक सांगू? रागावू नकोस. तुमच्या किचनच्या ग्रिलला खाली छोटं दार आहे ना, त्याला कुलूप नाहीये. निधी ती लाल खुर्ची ओढत आणते आणि चढते. तू गॅसकडे तोंड करून असतेस तेव्हा. गुरुवारी कमरेपर्यंत बाहेर होती. मी खूप हाका मारल्या तुला. इथून आवाज जात नाही." तिने दाराच्या कडेवरून हात खालीवर फिरवला. "मग खिडकीच लावून घेतली. मला बघवेना."

मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. घरात खुर्ची ग्रिलपाशीच होती. सोनूबाई निधीला मांडीवर घेऊन भात भरवत होती. मी खुर्ची उचलून कपाटावर टाकली, सुबोधच्या बॅगेचं छोटं कुलूप काढून ग्रिलच्या दाराला लावलं, किल्ली पिठाच्या डब्यात ठेवली, आणि मग निधीला इतकं घट्ट धरलं की ती चिडून मला चावली. गुरुवारी मी गॅसपाशी काय करत होते ते मला आठवतं. एका हाताने पोळी उलटत दुसऱ्या हाताने फोनवर मानसीचा तो फोटो बघत होते, आमच्या खिडकीचा, आणि उजेडाचं गणित तिला कसं जमलं ते शोधत होते. दुसऱ्या दिवशी जाऊन तिला सांगायचं असं मी ठरवलं. सगळं सांगायचं, वहीपासून. दुसऱ्या दिवशी निधीला ताप आला. मग सुबोधची आई राहायला आली. मग मी रोज खिडकीतून तिच्या बंद खिडकीकडे बघून ठरवायचे, आज दुपारी. समोरून ती बघत असेल तर तिला मी दिवसभर दिसत असणार, आणि येत नाही हेही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा टेम्पो आला. करार संपला होता, अनिरुद्धने नवा केला नाही. त्याने वर येऊन माझा डबा परत दिला, घासून लख्ख केलेला. मी उघडला तर तळाशी चिमूटभर साखर. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे तिने त्या पसाऱ्यातही पाळलं होतं. मी विचारलं कुठे चाललात, तर म्हणाला दिंडोशीला, त्याच्या मावशीची जागा आहे एका कॉलनीत, हवा बदलली की जरा बरं वाटेल तिला. बरं वाटेल म्हणजे, मी विचारलं. तो घड्याळ बघून म्हणाला, जेवत नाही फारशी. बोलत नाही. तू आली होतीस ना त्या दिवशी, त्यानंतर दोन दिवस चांगली होती. एवढं सांगून तो खाली गेला. मी खिडकीतून पाहिलं, मानसी रिक्षात आधीच बसलेली होती, तोंड पलीकडे. सात महिन्यांत पहिल्यांदा ती खाली आली होती, आणि मी वरच उभी होते, ग्रिलला धरून. संध्याकाळी ग्रुपवर ओळ आली की मानसी बाहेर पडली. त्याखाली काकांनी नळाबद्दल काहीतरी लिहिलं.

मी तिला तेवीस मेसेज पाठवलेत. एकच टिक येते. अनिरुद्धने एकदा 'बरी आहे' असं कळवलं, मग तोही फोन उचलेना. मागच्या रविवारी मी निधीला घेऊन रिक्षाने दिंडोशीला गेले, लिंक रोडवरून, कुणाला न सांगता. तिथे इतक्या कॉलन्या आहेत, आणि प्रत्येक इमारतीला इतक्या खिडक्या, प्रत्येक खिडकीला तसंच ग्रिल, तशीच दोरी. मान दुखेपर्यंत वर बघत हिंडले. दोन वॉचमननी हटकलं. निधीला भूक लागली, मी तिला केळं दिलं आणि परत आले. इकडे शेवगा खरंच फुटलाय, बुंध्यापासून, पोपटी, आणि मी त्याचा एकही फोटो काढलेला नाही. कॅमेरा कपाटात आहे. सुबोध म्हणतो, अगं बरी असेल ती, लोक सावरतात. असेलही. पण तो तिच्या दारात उभा राहिलेला नाही.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी कुणी दिंडोशीला राहत असाल, कोर्टाच्या मागच्या बाजूला किंवा तिकडे वर, आणि तुमच्या इमारतीत जूनमध्ये कुणी नवरा-बायको नवीन आले असतील, तो दिसत असेल आणि ती कधी दिसली नसेल, तर वर जाऊन या. कदाचित ती तुमच्याही ग्रुपवर फोटो टाकत असेल, एखाद्या गजाचा, पत्र्यावर पडलेल्या पानाचा. तुम्हालाही थोडंफार येत असेल तर तुम्हाला त्रास होईल ते बघून. तो त्रास घरी ठेवा आणि जा. काही नेऊ नका, हात रिकामे असले तरी चालतील. बेल वाजवल्यावर दार लगेच उघडणार नाही. पावलं थांबली असं वाटेल, तरी निघू नका, तिला दारापर्यंत यायला वेळ लागतो. आणि उघडलं की तुमचं नाव सांगायच्या आधी तिला विचारा, जेवलीस का.